पेवात काय साठलंय?



एरवी माझं तुमचं बोलणं बियाणं, खत आणि हुमणी यांच्यापलीकडं जात नाही. आज पोटाबद्दल बोलू, आणि तेही माझ्याच पोटाबद्दल.

गेल्या वर्षी एका गावी आरोग्य शिबिर होतं. माणसं लाजत होती म्हणून सिस्टरबाई मला म्हणाल्या, "साहेब, आधी तुम्ही उभे राहा." वजन चौसष्ट किलो भरलं. मी ऐटीत हसलो. मग त्यांनी कमरेला टेप लावली, ती ९६ सेंटिमीटर निघाली. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० च्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी, असं डॉक्टर मानतात. रक्त तपासलं, तर साखरही वाढलेली. हातपाय काटकुळे आणि पोटाचा माठ!

आपल्या लोकांची ही गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढं मांडली. २००४ साली त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं त्यांनी तपासली, तेव्हा त्यांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो होतं आणि इंग्लंडातल्या बाळांचं ३.५ किलो. कमी पडलं ते मांस. चरबी त्या मानानं टिकून होती. आईच्या पोटात उपासमार झाली, की शरीर जपायचं ते जपतं.

आता ही चरबी म्हणजे काय? घरात रोजच्या वापराची कणगी असते आणि अंगणात पेव असतं, तसं समजा. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो, ती कणगी. ती भरली की उरलेलं चरबीच्या पेवात जातं. जेवल्यावर रक्तात इन्सुलिन वाढतं आणि ते पेवाचं तोंड बंद करतं. पोट रिकामं राहिलं, अंग हललं, की तोंड उघडतं. मी दिवसातून नऊ-दहा कप गोड चहा पीत होतो. तुमच्याच ओसरीवर, तुम्ही प्रेमानं दिलेला! पेव उघडायला सवड कुठली?

आणि चालणं? बैलाच्या नांगराचा तास नऊ इंचाचा धरला, तर एक एकर नांगरताना माणूस जवळजवळ अठरा किलोमीटर चालतो. हिशेब करून बघा. आता ट्रॅक्टर आला, पंप मोबाइलवर सुरू होतो आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. याबद्दल तक्रार नाही, ते कष्ट परत कुणाला नकोत. पण स्नायू काम करतात तेव्हा इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. ते काम थांबलं आणि ताटातला भात, पाव, फरसाण मात्र वाढत गेलं.

इथवर मी शिबिरात सांगून मोकळा झालो होतो. तेवढ्यात मागून एक वहिनी उठल्या. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. म्हणाल्या, "साहेब, ती पांढरी पावडर आठवते? तुम्हीच सांगितली होती. तीबी ह्या पेवात असंल का?"

मंडळी, मला घाम फुटला.

१९९३ साली मी नोकरीत नवा होतो. नाकतोड्यांवर दहा टक्के बी.एच.सी. धुरळा, असं मी गावोगाव सांगत फिरलो. छापील शिफारस तशीच होती. फडक्याच्या पुरचुंडीत पावडर बांधायची आणि काठीनं झटकत शेतातून चालायचं. तोंडाला रुमालही नसे. त्या वहिनी तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. तोच कडबा म्हशीनं खाल्ला, आणि म्हशीचं दूध घरानं.

बी.एच.सी. आणि डी.डी.टी. पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. त्यामुळं लघवीवाटे सहज निघून न जाता ती पेवात जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं राहतात. दुधातही ती स्निग्धांशाबरोबरच उतरतात, म्हणजे लोण्यात आणि तुपातसुद्धा. डी.डी.टी.चा शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, बी.एच.सी. १९९७ मध्ये, आणि एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थांबवलं. रक्तात अशा रसायनांचा अंश जास्त असलेल्या लोकांत मधुमेह अधिक दिसतो, असं अनेक देशांच्या पाहण्यांत आढळलं आहे. काही रसायनं तर पेवच मोठं करतात. जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन घालत. ते गाभण उंदरांना दिलं, तर पिलांच्या अंगात चरबी जास्त झाली. हे २००६ साली अमेरिकेत दिसून आलं.

म्हणून वहिनींना मी खरं ते सांगितलं. "होय, थोडी असेल. माझ्याही अंगात असेल."

"मग लेकीनं पाजू नको का?"

पाजायचंच! बंदीनंतर आईच्या दुधातले हे अंश देशोदेशी घटत आले आहेत, आणि त्या दुधाची बरोबरी डब्याची भुकटी करत नाही. फक्त बाळंतिणीनं वजन उतरवायला उपास धरू नयेत. पेव झपाट्यानं उपसलं, की त्यातलं रसायनही रक्तात येतं. इतरांनीसुद्धा हळूहळूच उतरावं. मी चहा दोन कपांवर आणला, तोही बिनसाखरेचा. रात्री ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी. गावाच्या वेशीवर गाडी लावून शिवारात पायी जातो. वर्षभरात कंबर ९१ वर आली आहे. साखरेची गोळी चालू आहे, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडणार नाही.

शिबिर संपल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "माळ्यावर अजून अर्धी पिशवी हाय." ढेकणांसाठी ठेवलेली! त्यांना म्हटलं, हात लावू नका, जाळू नका, ओढ्यात तर मुळीच टाकू नका. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून मी ती उतरवली, दोन जाड पिशव्यांत बांधली आणि वर "विष" असं लिहिलं. ती आता माझ्या ताब्यात कुलपात आहे. विल्हेवाटीसाठी वर दोन पत्रं लिहिली, आज तिसरं टाकतो आहे. तुमच्या माळ्यावर असली पिशवी असेल, तर मलाही एक कार्ड टाका.