घोडीला सुट्टी नसते

आमची थोरली घोडेस्वारीच्या स्पर्धांत उतरते, असे सांगितले की ऐकणारे आधी आमच्या पगाराचा हिशेब करू लागतात. उर्दू-मराठी शिकवणाऱ्यांच्या घरात घोडा आला कुठून? म्हणून ते आधीच सांगून टाकतो. घोडा आमचा नाही, एनसीसीचा आहे. काही पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून एनसीसीची रिमाउंट अँड व्हेटरनरी पथके असतात. तिथे घोडे सरकारी, खोगीर सरकारी, शिकवायला लष्कराचे दफादार. आमच्या खिशातून गेले ते बूट आणि ब्रीचेसचे पैसे. खासगी क्लबात हेच शिकवायचे म्हटले असते तर आम्ही फाटकातूनच परतलो असतो.

ती बी.व्ही.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. हजेरी पंचाहत्तर टक्के हवीच. हॉस्टेलवर ती साडेचारला उठते, फजर अदा करते आणि उजाडायच्या आत पागेत पोहोचते. आधी खरारा, मग खुरांतली माती काढणे, मग खोगीर. तासभर स्वारी. उतरल्यावर घोडीला फिरवून थंड करायचे, चंदी-पाण्याचे मोतद्दाराला विचारायचे आणि नऊच्या तासाला वर्गात हजर व्हायचे. अंगाला पागेचा वास येतो म्हणून शेजारचा बाक रिकामा राहतो, असे ती हसत सांगते.

शिक्षक म्हणून आम्ही इतरांच्या मुलांना वर्षानुवर्षे वेळापत्रके आखून दिली. परीक्षा जवळ आली की खेळ बंद, हा त्यातला पहिला नियम. कॅरमला तो लागू पडतो, क्रिकेटलाही बऱ्यापैकी पडतो. घोड्याला पडत नाही. पुस्तक महिनाभर मिटून ठेवले तर ते रुसत नाही. घोडी पंधरा दिवस नुसती बांधून ठेवा, पहिल्याच दिवशी उधळते. आणि तिचा दमसास पुन्हा बांधायला आठवडे जातात. त्यामुळे लेकीच्या वेळापत्रकात आधी घोडी येते, उरलेल्या वेळात बाकीचे सगळे बसवावे लागते. हे समजायला आम्हाला वेळ लागला, तिच्या दादीला त्याहून जास्त.

दादीची काळजी खोटी नव्हती. गेल्या वर्षी उडीच्या सरावात घोडी आडव्या दांड्यापाशी अचानक थबकली आणि लेक पुढे फेकली गेली. गळ्याखालचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात. दादी एकच वाक्य घोळवत राहिल्या, "लडकी की जात है, हड्डी टूटी तो कल कौन पूछेगा?" हात बरा झाला, पण हजेरी घसरली. आम्ही महाविद्यालयात विनंती करायला गेलो तर ऑफिसातल्या एका साहेबांनी आमच्याकडे न बघताच विचारले, "घोडे उडवायचेत तर डिग्री कशाला?" आम्ही वैद्यकीय प्रमाणपत्र टेबलावर ठेवले. ते मान्य व्हायला चार खेटे पडले.

त्या साहेबांना सांगायची एक गोष्ट परतीच्या एसटीत सुचली. बंगळूरचा फवाद मिर्झा इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टन विद्यापीठात मानसशास्त्र आणि व्यवसायशास्त्र शिकला आणि घोडाही सोडला नाही. 2018च्या आशियाई स्पर्धेत त्याने दोन रौप्यपदके मिळवली, एक वैयक्तिक आणि एक संघाचे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो तेविसावा आला. त्याच्या आधी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून घोड्यावर बसलेला माणूस म्हणजे मुंबईचे इम्तियाज अनीस, तेही 2000 साली सिडनीत. ही दोन्ही नावे आपल्या किती घरांत ठाऊक आहेत? फवादचे वडील घोड्यांचे डॉक्टर, हे मात्र विसरता येत नाही. आमच्या खानदानात तीन पिढ्यांत बकरीहून मोठे जनावर कोणी पाळलेले नाही.

लेकीला मात्र फवादपेक्षा केरळची निदा अंजुम जवळची वाटते. निदाने 2024 साली फ्रान्समध्ये सीनियर गटाच्या जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत 160 किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. या शर्यतीचा एक नियम लेकीने आम्हाला तीनदा समजावला. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात. ठरलेल्या वेळात ती मिनिटाला 64 ठोक्यांवर किंवा त्याखाली आली नाही, किंवा घोडा लंगडताना दिसला, तर स्वार कितीही पुढे असो, बाद. घोड्याला दमवून जिंकता येतच नाही. हे ऐकल्यावर आम्ही तिला रात्री अकरानंतर अभ्यास करू नकोस म्हणून फोन करू लागलो. ती म्हणाली, "अब्बू, माझी नाडी तुम्ही मोजणार का?"

अभ्यास आणि घोडी यांचे नाते नेहमीच भांडणाचे असते असेही नाही. घोड्याला उलटी होऊ शकत नाही, म्हणून त्याचा पोटशूळ जिवावर बेततो, हे तिने पुस्तकात वाचले होते. एका पहाटे घोडी पुन्हा पुन्हा कुशीकडे मान वळवून बघू लागली, जमीन खुरडू लागली, तेव्हा सगळ्यांआधी तिने डॉक्टरांना फोन केला. घोडी वाचली. तोंडी परीक्षेत पोटशूळाची लक्षणे विचारली गेली तेव्हा तिला आठवावे लागले नाही.

मोहल्ल्याचे काय सांगावे. जुम्याच्या बयानात घोडेस्वारीची तारीफ निघाली की सगळे माना डोलावतात. सूरह आदियातची सुरुवातच धावत्या घोड्यांच्या शपथेने होते, हेही सगळ्यांना पाठ. बाहेर पडल्यावर तेच विचारतात, "मुलीला कशाला पण?" हेल्मेटच्या आत स्कार्फ नीट बसतो, हे आम्ही आता न विचारताच सांगतो.

सध्या घरात एकच चिंता आहे. जानेवारीत दिल्लीला प्रजासत्ताक दिनाचे एनसीसी शिबिर असते, तिथे घोडेस्वारीच्या स्पर्धा होतात. ती निवडचाचणीत आहे. निवड झाली तर जवळजवळ महिनाभर वर्ग बुडणार आणि औषधशास्त्राची अंतर्गत परीक्षा त्याच दिवसांत. परीक्षा नंतर घ्यावी, असा अर्ज तिने या वेळी निवडीची वाट न बघता आधीच देऊन ठेवला आहे आणि त्याची शिक्का मारलेली प्रत आम्हाला पाठवली आहे. यादी अजून लागलेली नाही. दादींनी काल फोनवर निवडीचे काही विचारले नाही. घोडीला थंडीत झूल घालतात की नाही, एवढेच विचारले.