नाशिकला गेलो आणि फॉर्म भरून आलो

नाशिकला आमचं जाणं-येणं लहानपणापासूनचं. संगमनेरहून एसटीत बसायचं, सिन्नर मागे टाकायचं आणि सीबीएसवर उतरून रिक्षाने जुन्या नाशकात खालाच्या घरी जायचं. मोगलांच्या अमलात या शहराचं नाव गुलशनाबाद होतं, हे अब्बांनी आम्हाला दूधबाजारातून बडी दर्ग्याकडे जाताना सांगितलं होतं. आम्ही बराच वेळ बाग शोधत राहिलो, दिसल्या त्या अरुंद गल्ल्या. इतकी वर्षं येऊनही आमचं नाशिक म्हणजे खालाचं घर, भद्रकालीतली खरेदी आणि परतीची एसटी, एवढंच होतं. गेल्या पावसाळ्यात खालाच्या नातीच्या निकाहाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी थोडं वेगळं नाशिक बघून आलो. त्या एका दिवसाची ही हकीकत.

सोबत आमची धाकटी बहीण होती. वय अडतीस, बारावी पास, तीन मुलांची आई. बारावीला तिला आमच्यापेक्षा जास्त गुण होते. पण त्याच वर्षी चांगलं स्थळ आलं, लग्न झालं आणि पुढचं शिक्षण ‘नंतर बघू’वर राहिलं. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीचा पोटगीचा खटला चालू होता. तिला सोबत म्हणून धाकटी कोर्टात जाऊ लागली. कागदावर काय लिहिलंय हे न कळताच सही करणाऱ्या बायका तिने तिथे पाहिल्या. एकीला अर्ज वाचून समजावून दिला, मग दुसरीला. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, “आपा, मला वकील व्हायचंय.” सगळे हसतील असं तिला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. तिचे मिस्टर म्हणाले, “कर.” सासूबाई म्हणाल्या, “पोरांचं मी बघते.”

आणि तिथेच गाडी अडली. आडवं यायला दुसरं कोणी उरलं नाही, तेव्हा ती स्वतःच स्वतःला आडवी आली. “आधी बीएची तीन वर्षं, मग सीईटी, मग लॉची तीन. माझं इंग्रजी कच्चं. वीस वर्षांत अभ्यासाचं पुस्तक हातात धरलं नाही. मोठ्याची दहावी आहे. नशिबात असतं तर तेव्हाच झालं असतं.” यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा बीएचा फॉर्म तिने ऑनलाइन भरला होता. फोटो, सही, मार्कशीट सगळं चढवलं होतं. पण फी भरण्याच्या पानावर आली की मोबाइल बंद करून ठेवायची. मुदत संपायला चार दिवस उरले होते. आम्ही शिक्षिका, वर्गात मुलींना रोज ‘तुला जमेल’ म्हणणाऱ्या. घरातल्या मुलीला मात्र काय सांगावं ते सुचत नव्हतं. समजावून झालं होतं, रागावून झालं होतं. म्हणून निकाहाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एवढंच म्हटलं, “चल, फिरून येऊ.”

द्वारका चौकातून मुंबईच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पांडवलेणीचा डोंगर दिसतो. नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत, एकूण चोवीस. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे खोदकाम सुरू झालं आणि पुढे काही शतकं चालू राहिलं. सातवाहन आणि क्षत्रप राजघराण्यांनी, व्यापाऱ्यांनी, साध्या माणसांनीही आपल्या ऐपतीप्रमाणे दान दिलं आणि ते ब्राह्मी लिपीत भिंतीवर कोरून ठेवलं. पावसाने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. धाकटी अर्ध्यावर थांबली. “आपा, तू जाऊन ये, मी इथेच बसते.” आम्ही काही न बोलता तिच्या शेजारी बसलो. दम खाल्ला, वीस पायऱ्या चढलो, पुन्हा बसलो. असं तीनदा करून वर पोचलो. खाली सगळं शहर हिरवंगार दिसत होतं. अब्बांचं गुलशनाबाद आम्हाला असं वरून सापडलं.

आम्हाला तिला विसाव्या क्रमांकाचं लेणं दाखवायचं होतं. तिथल्या लेखाचा अर्थ आम्ही आधी वाचून ठेवला होता. बोपकी नावाच्या एका यतीने हे लेणं खोदायला घेतलं, पण ते पुष्कळ वर्षं अर्धवट पडून राहिलं. पुढे यज्ञ सातकर्णी राजाच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी, महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने ते पूर्ण करून भिक्खूसंघाला दिलं. या गोष्टीला अठराशे वर्षं झाली असतील. बोपकी का थांबला ते आपल्याला कळत नाही. पैसे संपले असतील, नाहीतर आयुष्य. पण वासूने ‘आता फार उशीर झाला’ म्हणून तो डोंगर तसाच सोडला नाही. जिथे काम थांबलं होतं, तिथून पुढे करवून घेतलं.

धाकटी भिंतीला हात लावून उभी होती. म्हणाली, “म्हणजे जेवढं खोदून झालं होतं, ते वाया गेलं नाही.”

“तुझी बारावी तरी कुठे वाया गेलीय?” आम्ही म्हटलं. हे नुसतं धीर देण्यासाठी नव्हतं. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांना वकिलीच्या प्रवेशासाठी बार कौन्सिलचा नियम आडवा येतो. रीतसर बारावी झालेल्यांना येत नाही. वीस वर्षांपूर्वीची तिची ती मार्कशीटच आज तिची वाट उघडी ठेवून होती.

डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. तिथे शिरताना धाकटी म्हणाली, “सिनेमावाल्याकडून आपण काय शिकायचं?” सिनेमा बघावा की बघू नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण हा माणूस इथल्याच मातीतला, आणि त्याची गोष्ट आमच्या वयाची.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. त्यांनी छायाचित्रणाचा धंदा केला. प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, भागीदाराशी पटलं नाही म्हणून तो सोडला. चाळिशीला हातात काही नाही आणि डोक्यात नवंच खूळ, हलत्या चित्रांचं. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून डोळ्यांवर ताण आला, काही काळ दिसेनासं झालं. लोक वेडा म्हणू लागले. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले. तिथल्या एका सिनेमा साप्ताहिकाच्या संपादकानेही आधी या फंदात पडू नका असंच सांगितलं, आणि मग त्यांची जिद्द बघून मदत केली.

आम्हाला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. कॅमेरा घेऊन परतल्यावर फाळक्यांनी लगेच मोठा चित्रपट काढायला घेतला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोपटं दिवसेंदिवस कसं वाढतं ते थोडं थोडं करून टिपलं आणि पडद्यावर काही क्षणांत वाढलेलं दाखवलं. ते पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. आम्हाला वाटतं, त्यांचा स्वतःचाही बसला असेल. मग ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्या दिवशी फाळक्यांना त्रेचाळीस वर्षं पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. पुढे ते नाशिकला आले आणि इथेच चित्रपट काढले. शेवटची वर्षं हलाखीत गेली आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. सगळं गोडच झालं असं नाही. पण हे काम आपल्याला येतं की नाही, हा प्रश्न त्यांनी काम करूनच सोडवला.

या सगळ्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, चित्रपटासाठी जमलेल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्म धुण्याचं कामही शिकून घेतलं. धाकटी हे ऐकून गप्प झाली. तिला घरची आठवण झाली असावी. आम्हाला मात्र हजरत खदीजा (रजि.) यांची आठवण झाली. पहिल्या वहीनंतर आपले प्रेषित (स.) थरथरत घरी आले, तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं आणि धीराचा पहिला शब्द घरातून मिळाला. त्या थोर प्रसंगाची आपल्या छोट्या गोष्टींशी बरोबरी नाहीच. पण भीती वाटली की घरच्यांना सांगावं, आणि घरच्यांनी धीर द्यावा, एवढं तर आपण त्यातून घेऊ शकतो. आणि ती पहिली वही वाचण्याच्या हुकमाचीच होती.

दुपारी सातपूरमार्गे गंगापूर रोडला लागलो. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गोवर्धन गावाजवळ मुक्त विद्यापीठाचा परिसर आहे. १९८९ मध्ये हे विद्यापीठ स्थापन झालं, डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. एवढा मोठा परिसर, पण विद्यार्थ्यांची गर्दी नाही. धाकटीने विचारलं, “सगळे गेले कुठे?” आम्ही म्हटलं, “इथले विद्यार्थी घरी असतात. कोणी दुकानात, कोणी कारखान्यात, कोणी चुलीपाशी. तुरुंगातल्या बंद्यांनीसुद्धा इथली पदवी घेतलीय.” ती म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखेच.” पहिल्यांदाच तिने स्वतःला विद्यार्थ्यांत मोजलं.

असरची वेळ झाली होती. झाडाखाली कोरडी जागा बघून नमाज पढलो. तिने दुआ जरा जास्तच वेळ मागितली. मग पर्समधून मोबाइल काढला. आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघत राहिलो. कार्डाचा नंबर टाकून झाल्यावर तिने मिस्टरांना फोन लावला, कारण ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जायचा. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. “आला बघ. सांगतो. तीन वेळा मागवून सोडून दिलास, या वेळी टाक.”

तिने आमच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, कोणाला पत्ताच नाही. त्यांना तिन्ही वेळा कळलं होतं, आणि एकदाही त्यांनी बोलून दाखवलं नव्हतं. तिने आकडे टाकले. फी भरल्याची पावती आली. तिचे हात कापत होते. भीती काही गेली नव्हती, पण फॉर्म गेला होता.

परतीच्या एसटीत सिन्नरच्या अलीकडे मगरिब झाली. धाकटी खिडकीशी झोपली होती आणि आम्ही आमचाच हिशोब मांडत होतो. बीएड झाल्यावर एमए एज्युकेशन करायचं ठरवून आम्ही आणलेली पुस्तकं कपाटात वरच्या खणात आहेत. ‘शाळेतून वेळ कुठे मिळतो’ हे आमचं उत्तर आणि ‘नशिबात नव्हतं’ हे तिचं उत्तर, यात फरक तो काय? तकदीरवर आपलं ईमान आहे. पण उंट न बांधताच तवक्कुलची भाषा करू नये, हेही आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. आपण पुष्कळदा भीतीलाच तकदीर म्हणतो, कारण ते बोलायला बरं वाटतं.

वाचक भगिनींनो, तुमच्याही कपाटात असं काही अर्धवट असेल. शिलाईचा कोर्स असेल, हिफ्ज असेल, ड्रायव्हिंग असेल, पदवी असेल. पूर्ण विश्वास येईपर्यंत थांबू नका. एक वाटाणा पेरून बघा. धाकटी आता फज्रनंतर पाऊण तास वाचते, इंग्रजीची रोज पाच वाक्यं मुलाकडून तपासून घेते. मुलगा लाल पेनाने खुणा करतो आणि खूश होतो. आम्ही वरच्या खणातली पुस्तकं खाली आणली आहेत, रोज दहा पानं वाचतो. तिची पहिली परीक्षा अजून व्हायची आहे. अल्लाह तिला आसानी देवो, आणि तुम्हा-आम्हालाही. आमीन.