छायाचित्रातला बंगला आणि डोंगरावरची धर्मशाळा

ठाण्यातील टेंभी नाक्यावरचे श्री मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय 'कोकण शत्रुंजय' म्हणून ओळखले जाते. श्रीपाळ राजाच्या कथेमुळे या नगरीशी जैन समाजाचे नाते फार जुने आहे. डिसेंबरातील एका शनिवारी कापडाच्या व्यापारातील एका कुटुंबाने येथे दर्शन घेऊन सहलीला आरंभ केला. थोरले बंधू ठाण्याचे, धाकटे डोंबिवलीचे. दुकानाची वाटणी झाल्यापासून दोन्ही घरांची भेट सणावारापुरतीच होत असे. पंच्याहत्तरी गाठलेल्या बांची इच्छा एवढीच होती, की दोन रात्री सर्वांनी एका छताखाली राहावे.

त्यासाठी शहापूरजवळचा एक बंगला १८,००० रुपये आगाऊ भरून ठरवला होता. मोबाईलवरील छायाचित्रांत हिरवळ होती, तरणतलाव होता, मागे माहुली किल्ल्याचे सुळके होते. 'स्वयंपाकघर केवळ शाकाहारी' असेही स्पष्ट लिहिले होते.

ठाण्याची मंडळी पडघ्यावरून मोटारीने आली. डोंबिवलीची मंडळी कसारा लोकलने आसनगावला उतरली. दुपारी बंगल्याचे कुलूप उघडले. माहुलीचे सुळके तेवढे खरे निघाले. तलावात शेवाळ साचले होते आणि अकरा माणसांसाठी सहा गाद्या होत्या. ओट्याखाली अंड्यांची टरफले पडली होती, भांड्यांना मांसाहाराचा वास येत होता. पाणी उकाळावे असे एकही पातेले तेथे नव्हते. बांचा चोविहार, सूर्य सहाच्या सुमारास मावळणार.

धाकटे बंधू रखवालदारावर संतापले. "तो पगारी माणूस आहे, त्याचा काय दोष?" असे म्हणून थोरल्यांनी त्यांना आवरले. बंगला डोंबिवलीच्या पुतण्याने ठरवला होता. ते कोणी बोलून दाखवले नाही, तरी वाटणीच्या वेळचे जुने शब्द ओठांवर येऊ पाहत होते. तेवढ्यात बा म्हणाल्या, "दिवस आहे तोवर जेवून घेऊ या."

पुतण्याने प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढली आणि मालकाला तेथूनच लेखी कळवले. किल्ली परत करून सर्वजण शहापूरच्याच मानस मंदिराकडे निघाले. टेकडीवरील धर्मशाळेत दोन खोल्या मिळाल्या. भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी गरम खिचडी-कढी मिळाली, उकाळलेले पाणी मिळाले. रात्री दोघे बंधू शेजारी शेजारी अंथरूण घालून पडले आणि कित्येक वर्षांनी बाजारभावावर उशिरापर्यंत बोलत राहिले.

"आगाऊ रक्कम परत मिळत नाही," असे मालकाचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. थोरल्यांनी प्रत्युत्तरात एकही कठोर शब्द वापरला नाही. जाहिरातीतील मजकूर, छायाचित्रे आणि भरणा केल्याची पावती जोडून त्यांनी कायदा तेवढा स्मरणास आणून दिला. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शनही मिळते. पंधरवड्यात १५,००० रुपये परत आले. उरलेल्यासाठी भांडण वाढवायचे नाही, असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले.

या व्यवहारात चूक एका बाजूचीच नव्हती. ठाण उलगडून, हात लावून पाहिल्याखेरीज जे व्यापारी वारभर कापड विकत घेत नाहीत, त्यांनी चार छायाचित्रांवर बंगला घेतला होता. स्वयंपाकघर आज कोण वापरते, भांडी वेगळी आहेत का, गाद्या किती, रक्कम कोणत्या अटीवर परत मिळेल, हे प्रश्न आधी लेखी विचारले असते, तर उत्तरांवरूनच बरेच कळले असते.

पैसे परत आल्याची वार्ता पुतण्याने बांना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "मग धर्मशाळेत पुन्हा कधी जायचे?"