काल की काळ?

खर्डा म्हटले की इतिहासाच्या पुस्तकातील १७९५ ची लढाई आठवते. निजाम हरला आणि आमच्या गावच्या किल्ल्याच्या आश्रयाला आला, एवढे शाळकरी पोरांनाही पाठ असते. आमचे वडील, ज्यांना आम्ही सारी भावंडे दादा म्हणत असू, ते म्हणायचे, "लढाई लिहून ठेवणारे पुष्कळ असतात रे, दुष्काळ कोण लिहितो?" दादा जामखेड तालुक्यातील वाड्यावस्त्यांवर मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी १९७२ च्या दुष्काळावर दोन वह्या भरल्या. खडी फोडणारे हात, रेशनवरचा तो लाल मिलो, कवडीमोलाने विकलेली जनावरे, कुलूप लावून गेलेली घरे, सारे त्यात होते. त्याचे लहानसे पुस्तक व्हावे, एवढीच त्यांची इच्छा. ते काम मी हौसेने अंगावर घेतले.

१९९५ साली मी पुण्यास नोकरीला होतो आणि नुकताच संगणक घेतला होता. ओएस/टू हे नाव आजच्या तरुण वाचकांनी ऐकलेही नसेल. संगणकाचा सारा अंतर्गत कारभार पाहणारी ती आयबीएमची कार्यप्रणाली. तिची 'वॉर्प' ही आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. एकामागून एक फ्लॉपी सरकवीत ती यंत्रात भरताना माझी एक रात्र गेली, पण सकाळी पडदा उजळला तेव्हा मी हरखून गेलो. एकीकडे फ्लॉपीची नक्कल चालू आहे, दुसरीकडे छपाई चालू आहे, आणि तरी मी निवांत लिहीत बसलो आहे! एखादा प्रोग्राम कोलमडला तरी बहुधा शेजारचे उभे राहत. डॉसचे आणि जुन्या विंडोजचे प्रोग्रामही तिच्या पोटात सुखाने नांदत. त्याच वर्षी विंडोज ९५ आले आणि सारे जग तिकडे धावले. मी धावलो नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी ओएस/टू दाखवीत असे. आपण चारचौघांहून वेगळे आहोत, याचा केवढा तो ताठा!

एकच उणीव होती. माझ्या त्या लाडक्या प्रणालीवर मराठी लिहिण्याची सोय मला लाभली नाही. खरे तर उपाय पुण्यातच होता. सी-डॅकने जिस्ट नावाचे कार्ड काढले होते. ते साध्या डॉसच्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी प्रमाणही १९९१ मध्ये ठरले होते. एका मित्राने सुचवले, "जुने यंत्र घे, कार्ड टाक, महिन्यात वही होईल." मी हसलो. पुन्हा डॉस? मोटार सोडून बैलगाडी? "ओएस/टूवर मराठी येईल, थोडे थांबू," असे मी दादांना कळवले. पेठेतल्या कोणत्याही डीटीपीवाल्याने ते काम केले असते, हे आज लिहितानाही लाज वाटते.

१९९६ च्या उन्हाळ्यात दादा वही घेऊन आले. मग मी एक तोड काढली. ते वाचतील, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टिपून घेईन. पुढे यथावकाश देवनागरी करू. सात संध्याकाळी आम्ही बसलो. आठव्या दिवशी त्यांनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आरं, ह्यात माझी अक्षरं कुठं हायती?" मी त्यांना कार्यप्रणालीचे गुण समजावून सांगितले. ते काही बोलले नाहीत. वही पिशवीत घालून खर्ड्याला परतले.

१९९८ मध्ये दादा ख्रिस्तवासी झाले. पुढच्या पावसाळ्यात घरच्या ट्रंकेला वाळवी लागली. दुसरी वही वाचली. पहिलीचा भुगा झाला.

ओएस/टूचा आधार आयबीएमने २००६ अखेर काढून घेतला. (आर्काओएस या नावाने तिचा वंश २०१७ मध्ये पुन्हा पुढे आला आहे. ते वाचून माझ्या मनात अजून कालवाकालव होते. प्रणाली चांगलीच होती, हे माझे मत बदललेले नाही.) माझा संगणक माळ्यावर धूळ खात होता. २००९ मध्ये पुतण्याने त्यातील डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली. विंडोजला तिची एचपीएफएस ही मांडणी उमगेना. ही डिस्क कोरी करू का, असे ते विचारू लागले. माझ्या काळजाचा ठोका चुकला. सुदैवाने लिनक्सला ती मांडणी वाचता येते. पहिल्या वहीचा तेवढाच अवशेष त्या सात संध्याकाळींमुळे हाती लागला.

आता मी ती पाने देवनागरीत उतरवतो आहे. तेव्हा घाईत मी न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट यांत भेद केला नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाची तर गोष्टच सोडा. पुष्कळ शब्द संदर्भाने उलगडतात. 'वेल' की 'वेळ', हे वाक्यच सांगते. एका ठिकाणी मात्र मी अडलो आहे. पाणी आणायला गेलेल्या शेजाऱ्याची हकीकत संपते आणि पुढे चारच शब्द आहेत: त्याच्या घरी... पुढे के, ए, एल... आला. 'त्याच्या घरी काल आला' की 'त्याच्या घरी काळ आला'? पाण्याचा टँकर काल आला, असे दादांना म्हणायचे होते की तो माणूस गेला, असे?

त्या संध्याकाळी दादांनी ते वाक्य मोठ्याने वाचले होते. मी ऐकले होते. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारून झाले. त्यांना तो शेजारी आठवत नाही.