आता मी आधी तळवा पाहते

फिजिओथेरपिस्ट म्हणून कामाला लागले तेव्हापासून, मेंदूला जबर मार लागलेल्या रुग्णांच्या घरच्यांना मी एकच गोष्ट बजावायचे: रोज न चुकता हात-पाय ताणा, म्हणजे सांधे आखडणार नाहीत. कोपर किती अंश उघडतं ते मोजायचं, वहीत लिहायचं. माझ्या लेखी तीच प्रगती. हे मत आता मी सोडलं आहे.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2017च्या आढाव्यात ताण देण्याच्या उपचारांचे 49 अभ्यास तपासले गेले. सात महिन्यांपेक्षा कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. स्प्लिंट आणि ठरावीक स्थितीत झोपवणंही त्यात धरलेलं होतं. मग आपण नेमकं कशासाठी झटतोय, हा प्रश्न मला सोडेना.

उत्तर रुग्णाच्या खाटेपाशीच मिळालं. घट्ट मिटलेल्या मुठीत नखं रुततात, घाम साचतो, कातडी सोलवटते, वास येतो. मनगट आधी खाली वाकवलं की बोटं थोडी सैल होतात आणि तळवा पुसता येतो. त्या माणसासाठी हे चार अंशांपेक्षा मोठं आहे. उताणं झोपवल्यावर ताठ होणारे पाय, कुशीवर वळवून गुडघे वाकवले, मध्ये उशी ठेवली, की पुष्कळदा सैलावतात. खुर्चीत कंबर पार मागे टेकलेली आणि पावलं आधारावर असली, तर मान सावरते, घास गिळणं सोपं जातं.

स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा हा ताठरपणा, हालचालीच्या वेगावर अवलंबून असते. पाऊल झटक्यात वर ढकललं तर पोटरी अडते, थरथरते. सावकाश नेलं तर बरंच पुढे येतं. म्हणून जोर लावू नका, असं मी सांगते. ताठरपणा एकाएकी वाढला तर आधी कारण शोधायचं: लघवीचा संसर्ग, मांडीखाली दबलेली नळी, बद्धकोष्ठता, पाठीवरची जखम, बोटात रुतलेलं नख. ताठरपणा कमी करण्यासाठी देतात त्या बोट्युलिनमच्या इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. तेवढ्यात काय साधायचं, ते आधीच ठरवायला हवं.

घरी असा रुग्ण असलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. व्यायामाच्या अर्ध्या तासाइतकंच उरलेल्या साडेतेवीस तासांकडे लक्ष द्या. आणि थेरपिस्टला सांधा किती सुधारला एवढंच विचारू नका. आंघोळ, कपडे, जेवण, झोप यांतलं काय सोपं करता येईल, तेही विचारा.