दोन हजार तास

मनोविकारांचे डॉक्टर सर मायकल रटर यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचं आयुष्य लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या मनोविकार संस्थेत गेलं. माझं सोलापूर जिल्ह्यातल्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत. 23 ऑक्टोबर 2021 रोजी ते गेले. ती बातमी वाचली तेव्हा वाटलं, या माणसाचं आपण काय देणं लागतो ते एकदा लिहून ठेवावं.

नोकरीच्या सुरुवातीला पाचवी आणि सहावी अशी दोन वर्षं एक मुलगा माझ्या वर्गात होता. सहावीत येऊनही जोडाक्षराला अडायचा. वाचायला उभा केला की शेजारच्याला चिमटा काढायचा, दप्तर ढकलायचा आणि मार खाऊन खाली बसायचा. शाळा मात्र एक दिवस बुडवत नसे. मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, छड्या दिल्या, शेवटी वडिलांना बोलावलं. ते शेळ्यांच्या बाजारात दलाली करायचे. हात जोडून म्हणाले, “गुरुजी, बाजारात तोंडी हिशेब बिनचूक करतंय पोरगं. पुस्तकच कसं येत नाही त्याला?” मी उत्तर दिलं नाही. शिक्षकांच्या खोलीत आल्यावर मात्र म्हणालो, “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वर्षी तो नापास झाला आणि वडील दाखला न्यायला आले. दाखल्यावर ‘वर्तणूक’ या शब्दापुढे मी ‘असमाधानकारक’ असं लिहिलं.

पुढे काही वर्षांनी एम. एड. करताना आमच्या बाईंनी ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ हे 1979 सालचं पुस्तक वाचायला दिलं. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश जवळ ठेवून रोज चार पानं वाचायचो. पाचव्या वर्षापासून शाळा सुटेपर्यंत एका मुलाचे सुमारे 15,000 तास शाळेत जातात, म्हणून पुस्तकाचं नाव तसं. रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन शहरातल्या 12 माध्यमिक शाळा पाहिल्या होत्या. मुलं कसल्या घरांतून येतात, येताना त्यांना किती येत होतं, हे सारं हिशेबात धरूनही हजेरीत, वागण्यात आणि निकालात शाळाशाळांमध्ये फरक उरत होता. इमारत जुनी की नवी, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. तास वेळेवर सुरू होतो का, चांगल्या कामाबद्दल मुलाला शाबासकी मिळते का, मुलांची कामं भिंतीवर लागतात का, त्यांच्यावर जबाबदारी टाकतात का, अशा साध्या गोष्टींशी होता. मनोविकारांचा डॉक्टर शाळेच्या भिंतीकडे इतकं बारीक बघतो, याचं मला फार नवल वाटलं. आणि मी? आडाकडे बोट दाखवून मोकळा झालो होतो.

मग त्यांचं आधीचं काम शोधून वाचलं. 1964-65 मध्ये इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आईल ऑफ वाईट या बेटावर रटर, मानसशास्त्रज्ञ जॅक टिझर्ड आणि शालेय आरोग्याचे डॉक्टर किंग्जली व्हिटमोर यांनी मुलांची पाहणी केली. मन, शरीर आणि अभ्यास एकत्र तपासले. वाचनात फार मागे असलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांचं वागणंही बिघडलेलं त्यांना आढळलं. त्या ओळीशी मी थांबलो. पुढे वाचवेना. माझ्या वर्गातला तो मुलगा खोडकर म्हणून वाचत नव्हता, की वाचता येईना म्हणून खोड्या करत होता? हा प्रश्न दोन वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

त्या पाहणीत आई-वडील आणि शिक्षक यांच्याखेरीज संशोधक खुद्द मुलांशीही एकेकट्यानं बोलले होते. मोठ्यांना पत्ता नसलेलं दुःख मुलं सांगत होती. मी एवढंच उचललं. छडी कपाटात गेली, आणि तक्रार आलेल्या मुलाला मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसवून विचारू लागलो. गृहपाठ कधीच न करणारी एक मुलगी म्हणाली, “सर, आजी रात्रभर ओरडत उठते. मी तिला धरून बसते.” तिच्या आईला ही गोष्ट शाळेत सांगण्यासारखी वाटली नव्हती. आजीला सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात न्यायला मी सोबत गेलो. सगळ्याच मुलांचं असं काही उलगडलं नाही. काहींशी मला शेवटपर्यंत बोलता आलं नाही.

पहिल्या मुलाला शोधायला मी त्याच्या वस्तीवर दोनदा गेलो. कुटुंब इचलकरंजीकडे गेलं, एवढंच कळलं. दिवसाला पाच तास, वर्षाला दोनशेच्या आसपास दिवस, अशी दोन वर्षं. त्याच्या 15,000 तासांतले दोन हजार माझ्याकडे होते.