खोकं नाही, पावती नाही

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी झाली. घर तारण ठेवायचं तर मूळ खरेदीखत हवं, मधला एकही दस्त गहाळ असता कामा नये, हे मी कित्येक कर्जदारांना समजावलं आहे. निवृत्तीनंतर हातात थोडे पैसे आले तेव्हा मी विचारपूर्वक अशी वस्तू घेतली, जिच्यासोबत कागदाचा कपटाही नव्हता. १९६०च्या दशकातलं ओमेगा कॉन्स्टेलेशन. स्टीलचं, ऑटोमॅटिक, तारीख दाखवणारं. किंमत लाखाच्या आतबाहेर. ज्याला कळलं त्यानं एकच विचारलं, "खोकं नाही, पावती नाही, मग खरं कशावरून?" हाच प्रश्न घड्याळ घेण्याआधी मीही बराच काळ स्वतःला विचारत होते.

ओमेगानं कॉन्स्टेलेशन १९५२ साली बाजारात आणलं. त्याची जुन्या काळची तबकडी मला फार आवडते. मधला भाग उंच आणि कडेला बारा पैलूंनी उतरत गेलेली, पालथ्या परातीसारखी. सहाच्या आकड्याच्या वर एक छोटा धातूचा तारा. मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे. या घड्याळाचं मशीन क्रोनोमीटर म्हणून अधिकृतपणे तपासलेलं असे आणि तसं तबकडीवर लिहिलेलं असे. वेळेच्या अचूकतेसाठी कुणीतरी एवढी मेहनत घेतली, ती सिद्ध करून दाखवली आणि मगच वस्तू विकली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता खोक्याचं. आपल्याकडच्या जुन्या स्विस घड्याळांना खोकं का नसतं, याला आपल्याकडचं असं कारण आहे. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली सिटिझनच्या सहकार्यानं बंगळूरला सुरू झाला, आणि त्या काळात परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. सीमाशुल्क कायदा १९६२चा. त्याच्या १२३व्या कलमात सोन्याच्या जोडीला घड्याळं बसवलेली आहेत. तस्करीचा माल असल्याच्या रास्त समजुतीनं असं घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर. एरवी आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यायचा असतो, इथे तो कब्जेदारानं द्यायचा. बँकेत दस्त वाचणाऱ्या माझ्यासारखीला हे कलम वाचल्यावर बरंच काही उमगलं. आखातातून किंवा बोटीवरून सुट्टीला येणारा माणूस नवंकोरं खोकं बॅगेत घालून कशाला आणील? तो घड्याळ मनगटावर चढवून येई आणि खोकं तिकडेच टाकून देई. दुकानाची पावतीही बहुधा त्याच्याच वाटेनं जाई. कोकणातल्या किती घरांत अशी घड्याळं आली असतील! म्हणून भारतातल्या जुन्या घड्याळाला खोकं नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. असलं तर मी जास्त प्रश्न विचारते.

तसं एक खोकं मी पाहिलंही. मुंबईतल्या एका विक्रेत्यानं मला कॉन्स्टेलेशन 'फुल सेट' म्हणून दाखवलं. खोकं, पुस्तिका, हमीपत्र, सगळं. हमीपत्रावर नंबराची जागा कोरी होती. पुस्तिका उघडली तर तिच्यात बॅटरी कधी बदलावी याच्या सूचना होत्या. घड्याळ ऑटोमॅटिक, पुस्तिका क्वार्ट्झची. रिकामी खोकी सुटी विकत मिळतात आणि घड्याळासोबत ठेवली की किंमत वाढते, एवढाच त्यामागचा व्यवहार. मी झाकण उघडून मशीन दाखवायला सांगितलं, तर "त्यानं पाणी जाण्याची भीती असते" असं उत्तर मिळालं. मी आभार मानून बाहेर पडले.

दुसरी गोष्ट मात्र मला मुंबईकर म्हणून लागली. जुन्या घड्याळांच्या परदेशी संग्राहकांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा शब्द रूढ आहे. चार घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेलं, भडक रंगवलेल्या तबकडीचं घड्याळ असा त्याचा अर्थ. माझ्या शहराचं नाव अशा कामासाठी वापरलं जावं याचं वाईट वाटतं. पण दोष कुणाचा हे नीट पाहायला हवं. सुटे भाग मिळत नसलेल्या काळात आपल्या कारागिरांनी एकाची चावी दुसऱ्याला, दुसऱ्याचा काटा तिसऱ्याला लावून लोकांची घड्याळं चालू ठेवली. काळी पडलेली तबकडी रंगवून दिली, कारण गिऱ्हाइकाला वेळ नीट दिसायला हवी होती. ते प्रामाणिक काम होतं. तेच घड्याळ 'मूळ अवस्थेतलं' म्हणून विकणं ही लबाडी, आणि ती विकणाऱ्याची.

रंगवलेली तबकडी ओळखायला मी शिकले ती गिरगावातल्या एका घड्याळजींकडून. वय ऐंशीच्या घरात, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मी त्यांना काका म्हणते, ते मला ताई म्हणतात. त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग माझ्या हातात दिलं आणि दोन तबकड्या पुढे ठेवल्या. तबकडी पुन्हा करताना जुना रंग काढतात, नवा फवारतात, अक्षरं नव्यानं छापतात. यात पैलूंच्या धारा बोथट होतात. मूळ तबकडीवर एका पैलूवरून दुसऱ्यावर जाताना उजेड मोडतो. रंगवलेलीवर तो नुसता घसरत जातो. मूळ छपाईतली अक्षरं भिंगाखालीही कडांना स्वच्छ राहतात, नव्या छपाईत शाई फुगलेली दिसते. सर्वांत खाली 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं सहाच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली आहेत का, मिनिटांच्या रेघा वर बसवलेल्या खुणांच्या बरोबर समोर येतात का, हे पाहायचं. काका म्हणाले, "ताई, डागाला घाबरू नका. साठ वर्षांत डाग पडायचेच. एकही डाग नसेल तेव्हा घाबरा."

माझं घड्याळ काकांच्याच ओळखीतून आलं. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा वडिलांचं घड्याळ विकणार होता. वडील रत्नागिरीकडचे, साठच्या दशकात कुवेतला नोकरीला होते. मुलाला घड्याळाचा सोस नव्हता आणि दोघा भावंडांत एका घड्याळाची वाटणी होत नव्हती. पैसे झाले की वाटता येतील, असं त्यानं सरळ सांगितलं. मला हे कारण पटलं. विकण्यामागचं कारण समजणं हाही तपासाचाच भाग आहे.

मग काकांनी माझ्यासमोर आणि त्या मुलासमोर झाकण उघडलं. त्यानंतरची वेळ मी कधी विसरणार नाही. आत तांब्याच्या झळाळीचं मशीन, इतकी वर्षं अंधारात राहूनही उजळ. त्यावर ५६१ हा क्रमांक कोरलेला, २४ ज्यूल्स, म्हणजे आतली माणकं, लिहिलेले, आणि पाच स्थितींत व तापमानात जुळवल्याची ओळ. म्हणजे घड्याळ उताणं, पालथं, उभं, आडवं कसंही ठेवलं तरी ते किती चुकतं हे बघून ते नीट केलेलं. मशीनवरच सात-आठ आकडी अनुक्रमांक असतो. इथे तो दोन कोटी दहा लाखांच्या पुढचा होता, म्हणजे साधारण १९६४च्या आसपासचा. झाकणाच्या आतल्या बाजूला कंपनीचं चिन्ह आणि केसचा क्रमांक १६८.००५. हा क्रमांक तारखेच्या स्टील कॉन्स्टेलेशनचा, आणि ५६१ हे मशीन त्यात बसणारंच. साल, मशीन आणि केस तिन्ही एकमेकांशी जुळली. कुवेतची हकीकतही त्याच काळात बसत होती.

काकांनी झाकण उजेडात तिरकं धरलं. आतल्या पत्र्यावर सुईनं ओरखडलेली बारीक अक्षरं होती. घड्याळ उघडणारा कारागीर आपली खूण आणि बरेचदा साल असं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी आपलंच काम ओळखू येतं. इथे वेगवेगळ्या हातांच्या अशा खुणा होत्या. एकीत ७१ वाचता येत होतं, एकीत ८८. त्यांतली एक काकांची स्वतःची. त्यांनी ती बोटानं दाखवली आणि काही न बोलता पुढच्या कामाला लागले. या घड्याळाची निगा कुणी आणि केव्हा राखली याचा लेखी दाखला माझ्यासमोर होता, आणि तो कोणत्याही दुकानाच्या शिक्क्याहून मला मोलाचा वाटला.

काचेच्या बरोबर मध्यभागी भिंगाशिवाय दिसणार नाही इतकं बारीक ओमेगाचं चिन्ह उमटवलेलं असतं. ते होतं. चावी मात्र मूळ नव्हती. कॉन्स्टेलेशनची त्या काळातली चावी दहा बाजूंची असते, इथे गोल, बिनचिन्हाची बसवलेली होती. पट्टा अडकवायच्या टोकांवरच्या धारा पॉलिशनं थोड्या विरल्या होत्या. मागच्या घुमटाचे बारकावेही घासून गेले होते. काकांनी हे सगळं मुलाच्या देखत सांगितलं आणि त्यानुसार किंमत कमी झाली. तबकडीवर तीनच्या बाजूला एक पिवळसर डाग आहे. तो मूळ तबकडीचाच आहे, आणि मला तो आहे तसाच हवा आहे.

वेळ मोजण्याच्या यंत्रावर घड्याळ ठेवलं. हे यंत्र टिकटिक ऐकतं आणि घड्याळ दिवसाला किती पुढे किंवा मागे जाईल ते सांगतं, शिवाय बॅलन्सचं चाक किती अंशांत झुलतं तेही. हे मशीन तासाला १९,८०० ठोके देतं. झोका कमजोर असेल तर तेल सुकलं आहे किंवा काही झिजलं आहे असं समजावं. इथे झोका मध्यम होता. तेलपाणी करून घ्यावं लागेल, असं काका म्हणाले. तो खर्च किमतीत धरा, कारण जुन्या ऑटोमॅटिकला तो लागतोच.

पैसे मी बँकेतून दिले. साध्या कागदावर आम्ही विक्रीचा करार लिहिला : घड्याळाचं नाव, मशीनचा अनुक्रमांक, केसचा क्रमांक, हे वडिलांचं होतं आणि दोन्ही भावंडांच्या संमतीनं विकलं जात आहे. दोघांच्याही सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणं गुन्हा आहे, आणि ठाऊक नव्हतं असं म्हणायचं तर आपण विचारपूस केली होती हे दाखवता आलं पाहिजे. या घड्याळाची कागदपत्रं अशी साठ वर्षांनी जन्माला आली.

कागद असले की सगळं ठीक, असं मानणाऱ्यांनी एक प्रकरण जरूर माहीत करून घ्यावं. नोव्हेंबर २०२१मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकना गेलं. ते घेतलं खुद्द ओमेगानं, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३मध्ये उघड झालं की ते वेगवेगळे भाग जुळवून तयार केलेलं होतं, आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता असं कंपनीनं सांगितलं. कंपनी, तिचं दप्तर, नामांकित लिलावगृह, सगळं असूनही हे घडलं. बँकेतल्या अनुभवानंतर मला यात नवल वाटलं नाही. दस्त खरा असतो आणि त्यात लिहिलेली जमीन जागेवर वेगळीच असते, असंही आम्ही पाहिलं आहे. जागेवर जाऊन बघावंच लागतं.

मी सांगते ते जुन्या घड्याळांपुरतं आहे. पाच-सात वर्षांपूर्वीचं रोलेक्स कुणी बिनाकागदाचं विकत असेल तर मी ते घेणार नाही आणि तुम्हीही घेऊ नका. त्या घड्याळांच्या नकला आता इतक्या सफाईदार असतात की झाकण उघडूनही सामान्य कारागिराला खात्री देता येत नाही. शिवाय एवढ्यात घेतलेल्या घड्याळाचं कार्ड हरवणं आणि घड्याळ चोरीचं असणं यांत बाहेरच्या माणसाला फरक कळत नाही. जुन्याची गोष्ट वेगळी. तिथे मशीन, केस आणि तबकडी यांचा मेळ तपासता येतो, आणि तो तपासू देणारा विक्रेताच तुमचा विक्रेता. झाकण उघडायला नाही म्हणणाऱ्याकडे थांबू नका, मग तो कितीही गोड बोलो.

आणि ज्यांच्या घरात आजोबांचं, वडिलांचं असं एखादं घड्याळ कपाटात पडून आहे, त्यांना एक विनंती. ते चालू जरूर करून घ्या, पण तबकडी रंगवून 'नवी' करू देऊ नका. दुरुस्तीला देताना तसं स्पष्ट सांगा, आणि एखादा भाग बदलला तर काढलेला जुना भाग मागून घेऊन पाकिटात जपून ठेवा. वडिलांनी ते कुठे आणि केव्हा घेतलं हे घरात कुणाला आठवत असेल, तर आजच एका कागदावर लिहून घड्याळासोबत ठेवा.